पिकथॉल यांचा मथळा



पत्रकारांच्या मेळाव्यात अध्यक्षाने धर्मांतराचा विषय काढावा, हे काहींच्या कपाळावर आठ्या आणणारे आहे. म्हणून आजचा माणूस नको, शंभर वर्षांपूर्वीचा घेऊ. तोही आपल्या मुंबईत संपादकाच्या खुर्चीवर बसून गेलेला : मार्माड्यूक पिकथॉल.

जन्म लंडनचा, १८७५ चा. वडील पाद्री, शाळा हॅरो, शाळासोबत्यांत विन्स्टन चर्चिल. वकिलातीच्या नोकरीसाठीची परीक्षा हुकली आणि हा पोरगा पॅलेस्टाइन-सीरियात भटकत अरबी शिकला. दमास्कसच्या मोठ्या मशिदीतल्या शेखांपाशी त्याने मुसलमान व्हायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा शेखांनीच त्याला थोपवले. आईचा विचार कर, मायदेशी जाऊन ये, वय वाढू दे, असे सांगून परत लावले. तो उमाळा वीस वर्षांहून अधिक मुरला. दरम्यान पिकथॉल यांचे कादंबरीकार म्हणून नाव झाले.

मग महायुद्ध आले. ब्रिटन तुर्कस्तानशी लढत असताना हे गृहस्थ तुर्कांची बाजू मांडणारे लेख लिहीत होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात ‘इस्लाम आणि प्रगती’ या विषयावर त्यांचे व्याख्यान झाले आणि त्याच सभेत त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले. चाळिशी उलटली होती.

आता मुंबई. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांना सरकारने एप्रिल १९१९ मध्ये हद्दपार केले. पुढच्या वर्षी पिकथॉल त्या पत्राचे संपादक झाले. गोरा साहेब, नाव मुहम्मद, अग्रलेख खिलाफतीच्या आणि गांधींच्या असहकाराच्या बाजूने! साहेबांच्या क्लबात या माणसाला कुठल्या टेबलावर बसवायचे, हा प्रश्नच पडला असेल. चार वर्षे त्यांनी पत्र चालवले. १९२४ मध्ये, आंदोलक मारले गेल्याच्या एका घटनेचे चुकीचे वृत्त दिल्याचा ठपका पत्रावर आला, जबर भुर्दंड बसला आणि पिकथॉल यांनी राजीनामा दिला. नंतर तिथे संपादक झालेले सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी फोर्टातल्या रस्त्याच्या पाटीवर आहेत. पिकथॉल यांची मात्र शहराला फारशी आठवण नाही.

पुढे हैदराबाद. चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापकपद, १९२७ पासून ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकाचे संपादन, आणि निजामाने दिलेल्या पगारी रजेत कुराणाचे इंग्रजी भाषांतर. इथे जरा थांबले पाहिजे, कारण संपादक म्हणून मुरलेला हात इथे दिसतो. भाषांतराचे हस्तलिखित घेऊन ते १९२९ मध्ये इजिप्तला गेले. कैरोच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अल-घमरावी यांच्याबरोबर बसून त्यांनी ते तपासले. कुराणाचे भाषांतर करणे मुळात योग्य आहे का, यावरच तिथल्या विद्वानांत वाद पेटलेला. पिकथॉल यांचेही मत असे की मूळ अरबीची जागा कुठलेच भाषांतर घेऊ शकत नाही. मग १९३० साली पुस्तक निघाले तेव्हा वर काय छापायचे? त्यांनी ‘कुराण’ एवढेच छापले नाही. छापले ‘तेजस्वी कुराणाचा अर्थ’.

आपल्यापैकी ज्यांनी रात्रपाळीला मथळे लावले आहेत, त्यांना ‘अर्थ’ या एका शब्दाची किंमत कळेल. मजकुरात चार आणे असताना मथळ्यात रुपया दाखवायचा मोह कुणाला झालेला नाही? नव्याने धर्मात आलेला माणूस उत्साहात दोन पावले पुढेच जातो, असा समज आहे. पिकथॉल यांनी इथे एक पाऊल मागे घेतले.

१९३५ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि पुढच्या मे महिन्यात कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्ह्ज इथे वारले. ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. दोन वर्षांनी हैदराबादेत त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात अरबी मूळही छापले होते, म्हणजे ज्याला ताडून पाहायचे त्याने खुशाल पाहावे.