ड्रोनच्या डोळ्यावरची काच

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ हा विषय दिला होता. तो मी परत केला. नोकरीत रोज तेच चालतं, इथे तरी नको. पण सकाळी चहाच्या वेळी पडद्यावर सहस्रकुंडची दोन मिनिटांची फिल्म चालू होती, ती मी ड्रोनने केली आहे हे कळल्यावर निदान दहा जणांनी विचारलं, “कॅमेरा कोणता गं?” कॅमेरा साधाच आहे, डीजेआयचा जुना मिनी २. फरक पडला तो त्याच्या भिंगावर बसवलेल्या, नखाएवढ्या काचेमुळे. तेव्हा वीस मिनिटं त्या काचेबद्दल बोलते. शेवटी एक गोष्ट अशीही सांगायची आहे, जिथे ही काच काहीच कामाची ठरली नाही.

सहस्रकुंड आपल्याला नवं नाही. किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगेचा धबधबा. आपल्यापैकी बरेच जण सहलीला गेलेले आहेत. पहिल्या वेळी मी तिथे ड्रोन उडवला तेव्हा लख्ख ऊन होतं. घरी येऊन बघते तर पाणी वाहतच नव्हतं! मीठ सांडावं तसे थेंब हवेत सुटे सुटे थांबलेले, आणि चित्र झटके खात पुढे सरकणारं. मला वाटलं मेमरी कार्ड खराब आहे. कार्ड बदललं, तरी तेच.

दोष उन्हाचा होता. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाचं छिद्र लहानमोठं करता येतं, आपली बाहुली होते तसं. माझ्या ड्रोनमध्ये ते एफ/२.८ वर कायमचं पक्कं आहे. मग जास्त उजेड आला की कॅमेऱ्याकडे एकच उपाय उरतो: शटर अगदी कमी वेळ उघडायचं. फिल्म रोलच्या काळातले फोटोग्राफर एक आडाखा वापरत. कडक ऊन, आयएसओ १०० आणि छिद्र एफ/१६ असेल, तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग. एफ/१६ पासून एफ/२.८ पर्यंत पाच पायऱ्या आहेत, आणि दर पायरीला उजेड दुप्पट. दोनाचा पाचवा घात बत्तीस. म्हणजे माझ्या ड्रोनला कडक उन्हात सेकंदाचा ३२०० वा भाग एवढंच शटर उघडावं लागतं. एवढ्या वेळात थेंबाला हलायला सवडच मिळत नाही.

चित्रपट बघताना डोळ्याला जी हालचाल सहज वाटते, तिच्यात प्रत्येक चित्र किंचित पुसटलेलं असतं. सेकंदाला २५ चित्रं घेत असाल तर शटर साधारण त्याच्या दुप्पट, म्हणजे पन्नासावा भाग, ठेवायचं असा संकेत आहे. (आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे रात्री दिवे लुकलुकत नाहीत, हा वरचा फायदा. म्हणून मी ३० ऐवजी २५ च ठेवते.) आता ३२०० ला ५० ने भागा. बरोबर ६४ येतात. दुकानात ‘एनडी ६४’ लिहिलेला फिल्टर मिळतो तो हाच. उजेडाचा चौसष्टावा भाग आत सोडायचा, रंग न बदलता. ड्रोनचा गॉगलच म्हणा ना.

समोर आपले गणिताचे सर बसलेत म्हणून धीर करून सांगते. एनडी ८, १६, ३२, ६४ हे सगळे दोनाचे घात: तीन, चार, पाच, सहा पायऱ्या. काही कंपन्या मात्र डबीवर ०.९, १.२, १.५, १.८ असे आकडे छापतात. मी पहिल्यांदा ०.९ बघून ‘हा अगदीच हलका असेल’ म्हणून परत ठेवला होता. नंतर ट्यूब पेटली: हे लॉगरिदम आहे! लॉग २ म्हणजे ०.३०१०, सरांनी छडी हातात धरून पाठ करून घेतलेलं. दर पायरीला ०.३, म्हणजे ०.९ हा तीन पायऱ्यांचा, तोच आपला एनडी ८. सर, तीस वर्षांनी उपयोगाला आलं.

नवीन ड्रोन घेणाऱ्यांनी दुसऱ्याची डबी डोळे झाकून उचलू नये, याचं कारणही ह्याच हिशेबात आहे. मिनी ३ चं छिद्र एफ/१.७ आहे. ते माझ्या ड्रोनपेक्षा पावणेतीन पट उजेड आत घेतं. माझ्याकडे ६४ पुरतो, तिथे १२८ किंवा २५६ लागेल. शिवाय बसवण्याची खाच मॉडेलप्रमाणे वेगळी असते, ते आलंच.

हिशेब कागदावर सोपा, आकाशाखाली अवघड. दुसऱ्यांदा मी ऑगस्टमध्ये एनडी ६४ लावून गेले आणि वर ढग भरून आलेले. दाट ढगात उजेड तीनएक पायऱ्या उतरतो, तिथे एनडी ८ पुरला असता. ६४ मुळे कॅमेऱ्याला अंधार वाटला, त्याने आपला आपण आयएसओ चढवला आणि चित्रात रवा पडला. फिल्टर हवेत बदलता येत नाही. ड्रोन उतरवा, बंद करा, बदला, पुन्हा उडवा, तोवर बॅटरी आणि ढग दोन्ही सरकलेले असतात. म्हणून उघडझाप असेल तेव्हा मी सरळ १६ लावते. ऊन पडलं तर शटर दोनशेपर्यंत जातं, हरकत नाही. ‘पन्नासावा भाग म्हणजे पन्नासावाच’ असा हट्ट धरणारे लोक मला भेटलेत. त्यांच्या फिल्म बघितल्यावर तसा काही मोठा फरक दिसत नाही.

आणि हे सगळं चलचित्रासाठी. स्थिरचित्र काढायचं असेल तर एनडी काढून ठेवा. फोटोला वेगवान शटर चांगलंच असतं, वर वाऱ्यात ड्रोन हलत असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दुसऱ्या जातीची काच म्हणजे पोलरायझर. पाण्यावरची चकाकी मारणारी. लातूरला सासऱ्यांच्या शेतात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या जिल्ह्यात शेततळ्याला लोक किती जपतात, हे मी सांगायला नको. गाळ कुठल्या कोपऱ्यात साचतोय आणि कडेचं प्लास्टिक कुठे फाटलंय, हे मामंजींना बघायचं होतं. साध्या कॅमेऱ्यात तळ्यावर नुसतं आकाश दिसलं. पोलरायझर लावला आणि कडेचं उथळ पाणी आरपार दिसलं. गाळाची जीभ, प्लास्टिकची घडी, सगळं. मधलं खोल, गढूळ पाणी मात्र तसंच राहिलं. काच चकाकी काढते, गढूळपणा काढू शकत नाही.

इथे भौतिकशास्त्र असं आहे. पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड बराचसा आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो, आणि लंबाशी ५३ अंशांच्या आसपास तर जवळजवळ पूर्ण. त्याला ब्रूस्टरचा कोन म्हणतात. म्हणजे कॅमेरा क्षितिजाखाली साधारण ३७ अंश झुकवला की पोलरायझर सगळ्यात चांगला चालतो. सरळ खाली बघितलं तर जवळपास निरुपयोगी. हे न समजल्यामुळे अनेक जण ‘फिल्टर खोटा निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडतात. गंमत म्हणजे पाण्याच्या बाबतीत ड्रोन कोणत्याही दिशेला वळवला तरी चालतं, कारण चकाकी आडवीच असते आणि गिंबल कॅमेऱ्याला सपाट धरून ठेवतं. निळ्या आकाशाचं तसं नाही. तिथे सूर्याच्या काटकोनात बघताना परिणाम सर्वाधिक, आणि ड्रोन गोल फिरवला की आकाश मधेच काळवंडतं, मधेच पांढरं होतं. म्हणून गोल फिरत चित्रण करताना पोलरायझर लावू नये.

तो कसा बसवायचा? ड्रोनवर लावून गोल फिरवत बसू नका, गिंबलची बोटभर मोटार बिचारी ताणली जाते. परातीत पाणी घ्या, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल असं तिरकं उभं राहा, फिल्टर डोळ्यापुढे धरून फिरवा. कॅमेऱ्याकडची बाजू आपल्या डोळ्याकडे हवी. प्रतिबिंब मेलं की वरच्या टोकाला मार्करने ठिपका द्या. तो ठिपका वर ठेवून ड्रोनला बसवा. स्टीलची परात असेल तर तिच्या काठाची चकाकी जाणार नाही, धातूचं परावर्तन वेगळं असतं. पाण्यावरच्या प्रतिबिंबाकडेच बघा.

यूव्ही फिल्टर घेऊ नका. डिजिटल कॅमेऱ्याला त्याची गरज नसते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे जे धुरकट दिसतं ती बहुतेक धूळ असते. ती कुठल्याच काचेने जात नाही.

वजनाचं एक सांगते. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. माझा ड्रोन त्याच्या जेमतेम आत बसतो. म्हणजे काच आणि तिची चौकट मिळून ग्रॅम-दीड ग्रॅम झाली की गट बदलतो आणि त्याबरोबर नियमही. मी ड्रोन आणि सगळे फिल्टर घेऊन सराफाकडे गेले. त्यांनी अंगठी तोलावी तशा गंभीर चेहऱ्याने काट्यावर तोलले आणि विचारलं, “ताई, मोड आहे का?” दोन फिल्टर वजनात बसले, ते ठेवले. बाकीचे डबीत. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघायचा. आपल्या नांदेडला आणि लातूरलाही विमानतळ आहे. हिरव्या क्षेत्रातसुद्धा १२० मीटरच्या वर नाही.

आणि काच पुसायची असेल तर आधी फुंकणीने धूळ उडवा. आपल्या काळ्या मातीची धूळ कोरडी घासली की काचेवर रेघा उठतात. पदर, ओढणी, शर्टाचं टोक, काही नको. माझा पहिला एनडी १६ ओढणीनेच गेला.

आता ती गोष्ट.

आठवीत, १९९३ च्या दिवाळीनंतर, आपल्या वर्गात एक मुलगी नव्याने आली होती. मामाकडे राहायची. वर्गशिक्षिका बाईंनी आपल्याला आधीच सांगितलं होतं, तिला गावाबद्दल काही विचारायचं नाही. आपण विचारलं नाही. दहावीपर्यंत विचारलं नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं होतं. आज ती इथे बसली आहे. हे सांगायला तिची परवानगी आहे, नाव घेऊ नकोस म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. “तुझ्याकडे ते उडणारं आहे ना? आमचं जुनं गाव वरून कसं दिसतं ते बघायचंय. आमचं घर कुठे होतं ते मला जागेवर जाऊन सापडत नाही.” किल्लारीच्या बाजूचं गाव. नवं गाव दूर वसवलेलं, जुन्या जागेवर वेडी बाभूळ आणि गवत. दगड-मातीच्या भिंती, वर जड माळवद. ती घरं जागच्या जागी बसली होती. पुढे दगडही बरेच उचलले गेले. उरली ती जोती, गुडघाभर, कुठे वीतभर.

मी मे महिन्याच्या मध्यावर गेले, सुट्टी तेव्हाच होती. दुपारी साडेबारा. एनडी ६४ आणि पोलरायझर एकत्र असलेली, माझ्याकडची सगळ्यात महागडी काच लावलेली. एक म्हातारे बाबा येऊन विचारून गेले, “मोजणीवाले का?” दोन बॅटऱ्या संपवल्या. घरी बघितलं तर काहीच नाही. पानांची चकाकी गेलेली, रंग सुंदर, आणि सगळीकडे एकसारखं करडं-हिरवं पोतं अंथरल्यासारखी जमीन. फोटोही पन्नासाव्या भागाने काढलेले, म्हणून वाऱ्यात किंचित हललेले. तिला पाठवायचा धीर झाला नाही. ‘ढग होते’ असं खोटं सांगितलं. आज कबूल करते.

चूक समजायला मला उशीर लागला. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस असतात, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. वीतभर जोत्याची सावली पडणार कुठून? फिल्टर उजेड कमी करू शकतो, निवडून घेऊ शकतो. नसलेली सावली तो कुठून आणणार? पुरातत्त्वाचे लोक जमिनीत गाडलेल्या भिंती विमानातून शोधतात ते सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत सुचलं नाही. नवी काच घेतलेली असली की तीच लावावीशी वाटते.

डिसेंबरात पुन्हा गेले. उजाडायच्या आत पोचले. सूर्य उगवून पाऊण तास झाला तेव्हा तो क्षितिजाच्या दहा अंश वर होता. एवढ्या कोनात हातभर उंचीच्या जोत्याची सावली साडेपाच हात पडते. भिंगावर काहीच लावलं नव्हतं. वर साठ मीटरवर नेऊन कॅमेरा खाली वळवला आणि फोनच्या पडद्यावर गाव आलं. गल्ल्या. खोल्यांचे चौकोन. एका वाड्याचा चौक. दगडांवर माती पातळ, तिथलं गवत आधी वाळलेलं, त्यामुळे सावली नव्हती तिथेही फिकट रेघा दिसत होत्या. मी वीसएक मिनिटं उडवत होते. सूर्य चढला तशा रेघा एकेक करून विरत गेल्या.

तो फोटो मोठ्या कागदावर छापून तिच्या घरी नेला. तिने आधी मारुतीचा पार शोधला. तिथून बोट सरकवत आली, एक गल्ली सोडली, पुन्हा मागे गेली. “तिसरं,” म्हणाली. मग म्हणाली, “का चौथं? आमच्या दारात चिंच होती, ती दिसत नाही.” बराच वेळ बोट तिथेच होतं. पश्चिमेच्या भिंतींवर सकाळी ऊन पोचत नाही, तेवढा भाग फोटोत काळोखातच राहिला आहे, आणि घर नेमकं त्या बाजूला.

म्हणून येत्या जानेवारीत संध्याकाळच्या उन्हात पुन्हा जायचं ठरलं आहे. या वेळी ती बरोबर येणार आहे. फिल्टरची डबी मी घरीच ठेवणार. तुमच्यापैकी कुणाला तेवढ्या दिवसांत सहस्रकुंडला न्यायची असेल तर मागून घ्या, फक्त ओढणीने पुसू नका.