प्राथमिक शाळेतील वाचन आणि आपले ज्ञातिमंडळ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, मालवण येथे दिलेले व्याख्यान)



शालांत परीक्षेत उज्ज्वल यश संपादन केलेल्या मुलामुलींचा आपण आत्ताच गौरव केला. तो यथोचितच झाला. कोकण विभागाचा शालांत परीक्षेचा निकाल २०२४ साली ९९.०१ टक्के आणि २०२५ साली ९८.८२ टक्के लागला, आणि दोन्ही वर्षी राज्यात कोकण अग्रस्थानी राहिले. याचा अभिमान कोणास वाटणार नाही? तथापि ज्या परीक्षेत शंभरांतील नव्व्याण्णव मुले उत्तीर्ण होतात, ती परीक्षा कोणाचे काय शिकावयाचे राहून गेले हे सांगण्यास असमर्थ असते. ते पाहावयाचे असेल तर तिसरीच्या वर्गात जाऊन बसावे लागते. त्या वर्गाविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही आपणां सर्वांची अनुज्ञा घेतो.

‘असर’ नावाची एक पाहणी ग्रामीण भारतात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासते. तिच्या २०२४ च्या अहवालात, दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले अवघी २७.१ टक्के आढळली. २०२२ साली तर ती २०.५ टक्केच होती. मालवण हे नगर, सबब हे आकडे आपले नव्हेत, असे कोणी म्हणेल. आम्ही एवढेच म्हणू की घरी गेल्यावर आपल्या तिसरीतील नातवापुढे दुसरीचे पुस्तक ठेवावे आणि तो काय वाचतो ते शांतपणे ऐकावे. पाठ केलेला धडा मात्र देऊ नये. मुले चतुर असतात.

आता आपल्या नगरातील प्राथमिक शाळेचे आजचे स्वरूप पाहा. दांडी, मेढा, धुरीवाडा येथील आपली मच्छीमारांची मुले एका बाकावर. शेजारी ट्रॉलरवरील नेपाळी खलाशाचा मुलगा. पलीकडे बांधकामावर आलेल्या कानडी मजुराची मुलगी. आणि मागे, हॉटेलात कामास आलेल्या हिंदी भाषिकाचे लेकरू. पूर्वी एका वर्गात चार आळ्यांची मुले असत, आज चार भाषांची असतात. यांत खलाशांच्या मुलांची अडचण विशेष आहे. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि होड्या ऑगस्टमध्ये समुद्रात जातात. शाळा मात्र जूनच्या मध्यास उघडते. म्हणजे बंदी उठल्यावर आईबापांबरोबर परत येणारे मूल वर्गात पाऊल ठेवते तेव्हा अक्षरओळखीचे पहिले धडे होऊन गेलेले असतात, आणि ते पुन्हा कोणी घेत नाही. दाखल्याची वा वयाच्या पुराव्याची अडचण सांगून मुलास परत पाठविता येत नाही, हे शिक्षणहक्काच्या कायद्याने १ एप्रिल २०१० पासून ठरवून दिले आहे. पण दाखल करून घेणे निराळे आणि शिकविणे निराळे.

परभाषिकांचे राहू द्या. आपल्या मुलांस तरी पुस्तकाची भाषा घरची आहे काय? घरात ‘खंय’, ‘कित्याक’, ‘माका’, ‘चेडू’ ऐकून वाढलेले मूल पुस्तकात ‘कुठे’, ‘कशाला’, ‘मला’, ‘मुलगी’ वाचते. पुष्कळदा त्याला अक्षर येते, पण शब्द आपला वाटत नाही. ‘वस्त्रहरण’ नाटकातील मालवणी अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तीच मालवणी सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वर्गात आली की अशुद्ध ठरते! आमचा अनुभव असा की, मूल गोष्ट प्रथम मालवणीत सांगू लागले आणि तेच वाक्य फळ्यावर दोन्ही रूपांत लिहिले, तर प्रमाण मराठी त्याच्या जिभेवर लवकर बसते. नेपाळी मुलासही हाच न्याय लावावा. त्याच्या भाषेतील दहा शब्द गुरुजींनी शिकून घेतले तर गुरुजींचे काही कमी होत नाही.

गणिताचीही तीच कथा. बाजारात आईशेजारी बसलेली मुलगी ऐंशी रुपयांचे तीन वाटे देते, पाचशेची नोट घेते आणि क्षणात दोनशे साठ परत करते. शाळेत पाचशेतून दोनशे चाळीस वजा करावयास सांगा. ती हातच्यापाशी अडते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयीचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसून आले: बाजाराचा हिशेब अचूक, शाळेचा अपुरा. बुद्धी कमी नाही. एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी नेणारा पूल नाही.

मग उपाय काय? मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू व इंग्रजी अशी आठ माध्यमे आहेत. आपली समस्या तेथे शतपटीने मोठी. त्या शाळांत, तसेच बडोद्यात, ‘प्रथम’ या संस्थेने २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ नावाचा प्रयोग केला. वस्तीतीलच शाळा शिकलेली एक तरुणी, मागे पडलेली पंधरा-वीस मुले, आणि रोज दोन तास. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदी अभ्यासकांनी या प्रयोगाचे मोजमाप केले; पुढे २०१९ साली या दोघांस मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जींचे मातृकुळ मराठी, हे जाता जाता सांगून ठेवतो. या प्रयोगाने गुण वाढले, आणि सर्वांत कच्च्या मुलांचे सर्वांत अधिक वाढले. एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे: ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्गातील गर्दी कमी झाली, तरी तेथे उरलेल्यांस त्यापासून विशेष लाभ झाला नाही. म्हणजे नुसती संख्या कमी करून भागत नाही. मूल ज्या पायरीवर उभे आहे, त्या पायरीवरून त्याला शिकवावे लागते. मग ते इयत्तेने तिसरीत असो वा पाचवीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. असा रोजचा वाचनतास आपल्या मंडळाने सुरू करावा आणि त्यात शाळेतील कोणत्याही जातीच्या, कोणत्याही भाषेच्या मुलास घ्यावे, असे आम्ही सुचविले तेव्हा काही मंडळींनी विचारले, “ज्ञातीच्या पैशांवर परक्यांची मुले कशाला?” प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. पहिले उत्तर हिशेबाचे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून तीन. मंजुरीचे नियम अधूनमधून बदलतात, परंतु पट घटला की शिक्षक जातो हे तत्त्व बदलत नाही. आपल्यातील सुस्थितीतील कुटुंबांनी मुले इंग्रजी शाळांत घातली. मागे राहिली ती रापणीवर जाणाऱ्यांची. त्या मुलांसाठी शाळेत शिक्षक टिकून आहे तो पुष्कळ अंशी या ‘परक्यां’च्या नावांमुळे. ती मुले शिकत नाहीत म्हणून निघून गेली, तर आपलीही शाळा जाईल.

दुसरे उत्तर इतिहासाचे. जातवार वसतिगृहांना आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांचा दाखला आपल्यासारखी मंडळे नेहमी देतात. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाने आरंभ झाला, पुढे इतर ज्ञातींची झाली. परंतु त्याच महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत बसविण्याची आज्ञा दिली. राहण्याची सोय ज्ञातीने करावी. पण शिकण्याची जागा एकच असावी, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

यास्तव आमची सूचना अशी. मंडळाच्या पारितोषिक निधीतील निम्मी रक्कम या वर्षी दोन तरुणींच्या मानधनासाठी ठेवावी. बारावी झालेल्या, घरी बसलेल्या मुली आपल्या वाड्यांत आहेत. शाळा सुटल्यावर पाच ते सात मंडळाचे सभागृह रिकामे असते, चटया आहेत, दिवे आहेत. प्रत्येक मुलाचे वाचन आरंभी एकट्याने ऐकावे, वहीत नोंदवावे आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा ऐकावे. ती वही पुढील मेळाव्यात या व्यासपीठावर मांडावी. पहाटे रापणीवर गेलेल्या मुलास सायंकाळी झोप येते, त्याला रागावू नये. ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलांसाठी त्याच महिन्यात नवा गट करावा. ठरावाचा मसुदा आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. सभागृहाची किल्ली सायंकाळी कोणाकडे राहील, तेवढे आज ठरवून घ्यावे.