जोडाक्षरातली अम्मी



आमच्या धंतोलीत पावलोपावली दवाखान्यांच्या पाट्या. परवा शेजारची पहिलीतली पोर त्यातली एक वाचता वाचता 'डॉक्टर'पाशी अडली. म्हणाली, "काका, हा क अर्धाच का?" मला माझी पहिली आठवली.

आमच्या वेळी आधी बिनकान्याचे शब्द, मग काना, वेलांटी आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरं. 'आई' पहिल्याच दिवसांत भेटली. तिला दोन स्वर पुरतात. पण मी घरी जिला हाक मारायचो ती 'अम्मी' जोडाक्षरात होती. 'अब्बा'ही तिथंच. यात कुणाचा दोष नव्हता, क्रमच तसा होता. तरी सहा वर्षांच्या पोराला वाटायचं, पुस्तकातलं घर दुसऱ्याचं आहे.

एकदा बाकावरच्या मित्रानं बाईंना सांगून टाकलं, "बाई, हा आईला अम्मी म्हणतो!" बाईंनी फळ्यावर 'बाबा' लिहिलं, शेजारी 'अब्बा'. 'मामी'शेजारी 'अम्मी'. म्हणाल्या, "बघा, अक्षरं तीच आहेत." मग 'दादा' आला. मित्राचा दादा चौथीत, माझे दादा पांढऱ्या दाढीचे! वर्ग हसला, आणि तो शब्द कुणी विसरलं नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी इथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मूल बालवाडीत येईना, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. अक्षरांनीही तसंच अंगणात जावं.

पहिल्या आठवड्यात मुलाला विचारा, घरी कोण कोण आहे, कुणाला काय म्हणतोस? माय, आबाजी, खाला, आत्या, जे सांगेल ते कार्डावर लिहा. शेजारी त्याच्या मित्राचं नाव लिहा. पण तिथंच थांबू नका, नाहीतर ते नुसतं पाठांतर होईल. शब्द फोडा. 'माय'मधला 'मा' 'मामा'त शोधायला लावा, 'खाला'तला 'ला' 'लाडू'त. ओळखीच्या माणसाचं बोट धरून मूल अनोळखी शब्दापर्यंत जातं.

आणि गंमत पाहा, 'मित्र' म्हणा की 'दोस्त', दोन्ही जोडाक्षरंच!

त्या पोरीला मी एवढंच सांगितलं, "बेटा, क अर्धा झालेला नाही. ट ला जागा हवी होती, म्हणून जरा सरकून बसलाय. तू बाकावर मैत्रिणीसाठी सरकतेस ना, तसा."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)