खत वेगळे, बी वेगळे

आम्ही बत्तीस वर्षे शाळेत शिकवले आणि मग शेतीला लागलो. शेतीत आम्ही तुमच्याहून कच्चे. म्हणून आज आमचीच एक चूक तुम्हांला सांगतो.

२०२१ सालची गोष्ट. हस्ताचा पाऊस झाला, रानाला वाफसा आला. ज्वारी पेरायची घाई. पाभर एका चाड्याची. आम्ही म्हटले, खतासाठी दुसरी पाळी कशाला? युरिया बियातच कालवला आणि वहिनींच्या ओटीत दिला. चाड्यावर मूठ त्याच धरतात. त्या म्हणाल्या, "भावजी, हे मिठावानी काय कालवलंत? बी मरंल की!" आम्ही हसलो. "वहिनी, खतानं कुठं बी मरतं होय?"

आठव्या दिवशी रानात गेलो. शेजाऱ्याच्या ज्वारीचे तास हिरवे दिसत होते. आमच्या रानात एखादा कोंब, पुढे सगळे खाडे. माती उकरून पाहिली. बी फुगले होते, मोडही आला होता. पण मोडाचे टोक तांबूस पडून करपले होते. पुन्हा पेरायला ओल उरली नव्हती. त्या साली कडबासुद्धा विकत घ्यावा लागला.

असे का झाले? युरिया ओल्या मातीत पडला की थोड्या दिवसांत त्याचा अमोनिया होतो. गोठ्यात मुताचा उग्र वास नाकाला झोंबतो ना, तोच हा वायू. तो बियाला लागून निघाला तर कोवळा मोड जळतो. शिवाय खत मिठासारखे बियाजवळचे पाणी ओढून घेते. ओल जितकी कमी, तितका धोका जास्त. चुनखडीच्या रानात तर अमोनिया अधिकच सुटतो. हाच अमोनिया मातीत नीट मुरला की पिकाचे अन्न होतो. खत वाईट नव्हते, जागा चुकली.

युरियाच्या पोत्यावर ४६ हा आकडा असतो. शंभर किलोत ४६ किलो नत्र, असा त्याचा अर्थ. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे पावणेएकवीस किलो नत्र. इतके जोरकस खत! आम्ही आकडा वाचला होता, अर्थ मनावर घेतला नव्हता. हेडमास्तरची ही तऱ्हा!

आता आमची पाभर दोन चाड्यांची आहे. एकातून खत, दुसऱ्यातून बी. खत बियाच्या दोन इंच खाली आणि दोन इंच बाजूला पडले पाहिजे. थोडी पेर झाली की बैल थांबवावेत, माती उकरून पाहावी. ट्रॅक्टरच्या पाभरीलाही हेच. नळी तुंबली किंवा सरकली तर दोन्ही एकाच जागी पडतात. पाभर एका चाड्याचीच असेल तर आधी खत खोल पेरावे. मग बी दुसऱ्या पाळीने, तास सोडून. सगळा युरिया पेरणीलाच देऊ नये. पाणी देता येत असेल तर काही भाग पुढे उभ्या पिकाला द्यावा.

ओल्या हाताने खत धरू नये. खताचा हात डोळ्याला लावू नये. पोरांना पोत्याशी खेळू देऊ नये.

आणि गुरांना जपा. युरियाचे रिकामे पोते हौदात धुऊ नका. ते पाणी प्यायले तर गुरू दगावते, कारण त्याच्या पोटातही अमोनियाच होतो. आम्ही उरलेले पोते गोठ्याच्या दाराशी ठेवले होते. वहिनींनी ते माळ्यावर टाकायला लावले. या वेळी आम्ही हसलो नाही.