गाडीच्या रेडिएटरचं पाणी घरी बदलताना

(शेतकरी बांधवांसाठी रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कुरुळीच्या शिवारात कुठल्याही वस्तीवर गेलं, तर गोठ्याशेजारी आता एखादी जीप, पिकअप नाहीतर मोटार उभी दिसते. पुणे-नाशिक रस्ता हाकेवर, चाकणची बाजारपेठ जवळ आणि भोवती कारखाने. घरातली पोरं त्याच गाडीनं कामाला जातात आणि कांदा-बटाटाही तीच गाडी बाजारात नेते. बैलाच्या खांद्याची जशी आपण काळजी घेत होतो, तशीच या गाडीच्या रेडिएटरची घ्यायला हवी.

चाकणच्या चौकात गाड्यांची रांग लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. चालत्या गाडीला समोरून वारा लागतो. उभ्या गाडीला मात्र फक्त पंख्याचा आधार. भरलेली गाडी उन्हात पावलापावलानं सरकत असताना रेडिएटर आतून चोंदलेला असला, की काटा तांबड्यात गेलाच म्हणून समजा.

रेडिएटर चोंदतो कशानं? बहुतेक वेळा आपल्याच बोअरच्या पाण्यानं. बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्याच पाण्यातल्या क्षारानं ठिबकच्या नळ्या तुंबतात आणि अंघोळीच्या बंबात पांढरा थर धरतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तेच होतं. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नेहमीसाठी भरू नका. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी वापरा आणि त्यात कूलंट मिसळा.

कुणी विचारतं, "साहेब, आपल्याकडं काय पाणी गोठतंय? मग कूलंट कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण कूलंटमुळं पाणी उकळायलाही जास्त उष्णता लागते, आतल्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला गंज धरत नाही. थंडीइतकाच उन्हाळ्यातही त्याचा उपयोग आहे.

आता मुख्य गोष्ट. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. बंद झाकणाखाली दाब असतो, त्यामुळं आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं, की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर उसळतं. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला, वाफ आणि दाब पुस्तकात शिकलेला माणूस. तरी एका उन्हाळ्यात प्रात्यक्षिकाला उशीर होतोय म्हणून घाईत झाकणाला फडकं लावून पीळ दिला. मनगटावरचा डाग अजून आहे. तेव्हा हे काम सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करा. काही गाड्यांत हे झाकण रेडिएटरवर नसून प्लास्टिकच्या टाकीवर असतं. नियम तोच.

कामाची रीत अशी :

१) गाडी सपाट जागी उभी करा, हॅंडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवा.

२) रेडिएटरखाली रुंद घमेलं ठेवा. झाकण काढा आणि तळाची तोटी हळू सोडा. निघालेलं पाणी मोजा. तोटी हाताला येत नसेल किंवा गाडीच्या पुस्तकात वेगळी रीत दिली असेल, तर ओढाताण न करता मिस्त्रीकडे न्या.

३) तोटी लावून स्वच्छ पाणी भरा. बॅटरीची वायर जोडा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन थोडा वेळ चालवा. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पाणी सोडा. नितळ पाणी येईपर्यंत पुन्हा करा. शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची द्या.

४) आता भरणी. धुतल्यावरही थोडं पाणी इंजिनात राहतंच. म्हणून घट्ट कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे ठेवायचं असेल, तर आधी कूलंट ओता. पुस्तकात एकूण माप ८ लिटर दिलं असेल, तर आधी ४ लिटर कूलंट, मग वरचं डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल, तर त्यात आणखी पाणी घालू नका. मात्र आत उरलेल्या पाण्यानं तेही पातळ होतं, म्हणून इंजिनाचं पाणी होईल तेवढं निथळू द्या. नुसत्या रंगावर जाऊ नका. पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच घ्या आणि दोन जाती एकत्र करू नका.

५) झाकण रेडिएटरवर असेल, तर ते उघडं ठेवून इंजिन मंद चालवा. पंख्याजवळ उपरणं, पदर, सैल बाही नको आणि तोंड वर आणू नका. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसं भरत राहा. वरचा पाईप गरम झाला आणि बुडबुडे थांबले, की हवा निघाली. पाणी वर चढू लागलं तर इंजिन बंद करा. मग झाकण घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहा.

बुडबुडे थांबतच नसतील, इंजिनातलं तेल ताकासारखं दिसत असेल किंवा धुराड्यातून सतत पांढरा धूर येत असेल, तर दोष आतला आहे. गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा.

बंधूंनो, काम इथं संपत नाही. ते भरलेलं घमेलं अजून अंगणात आहे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. त्याची चव गोड, पण ते विष आहे. मांजराला चमचाभर घट्ट कूलंटही पुरतं. कुत्रं, वासरू, रांगतं मूल, कुणीही त्याला तोंड लावील. आधी दारू प्यायल्यासारखा झोक जातो, उलटी होते, तहान लागते. मधे बरं वाटल्याचा भास होतो आणि मग मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून "बघू सकाळी" म्हणू नका. जनावराला तातडीनं पशुवैद्याकडे आणि माणसाला दवाखान्यात न्या. कूलंटचा डबा सोबत घ्या.

पाणी सोडण्याआधीच झाकणाचा कॅन तयार ठेवा. पहिल्या धुणीचं पाणीही त्यातच भरा आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. गटारात, ओढ्यात, विहिरीजवळ किंवा कांद्याच्या वाफ्यात ओतू नका. जुनं तेल आणि कूलंट रीतसर विल्हेवाटीला देणारं गॅरेज विचारून तिथं द्या. सांडलेल्या जागी माती किंवा राख टाका, ती भरून त्याच कॅनबरोबर द्या आणि जागा धुऊन ते पाणीही टिपून घ्या.

वाटेत गाडी तापली, तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि धीर धरा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं, तर हेडला तडा जाऊ शकतो. बाजाराला तासभर उशीर झाला तर कांदा काही नासत नाही.

थंड इंजिन, मऊ पाणी आणि झाकणबंद कॅन, या तीन गोष्टी ध्यानात ठेवा.