ताटाची डावी बाजू



मला भाषणाची सवय नाही. घरात घडले तेवढे सांगते. २०१९ साली सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. घरी आणल्यावर त्या ताटातली भाजी-आमटी संपवीत, पण डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच! वर म्हणत, "लिंबूसुद्धा वाढलं नाहीस." डावीकडून हाक मारली तर ओ देत नसत. बावीस वर्षे केले त्याचे हे फळ, म्हणून मी स्वैपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. मेंदूचा उजवा भाग दुखावला, की डावीकडे लक्ष जात नाही. आणि जात नाही हेही त्यांना उमगत नाही." मी ताट फिरवून ठेवले. त्यांनी चटणी खाल्ली!

डॉक्टरांनीच १९८८ सालचा इंग्लंडमधला एक प्रयोग सांगितला. अशाच एका बाईला दोन घरांची चित्रे दाखवली. एकाच्या डाव्या बाजूला ज्वाळा. ती म्हणे, दोन्ही सारखीच. पण राहायला कुठले आवडेल, असे विचारले की बहुतेक वेळा न जळणारेच दाखवी. म्हणजे कळले नाही तरी आत कुठेतरी पोचत होतेच ना?

मग मी डावीकडेच बसून त्यांचा हात हाती धरू लागले. बऱ्याच दिवसांनी एकदा मान वळली. म्हणाल्या, "अगं, तू कधी आलीस?"