मुक्या प्राण्यांचा उपहास

श्रोत्यांनीं क्षणभर हें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. कमळाच्या पानावर एक बेडूक बुद्धाची मुद्रा धारण करून गंभीरपणें बसला आहे. त्याच्या मागें केळीचें पान प्रभावळीसारखें पसरलें आहे. समोर भिक्षूचीं वस्त्रें ल्यालेलें एक वानर मोठ्यानें पठण करीत आहे. त्याच्या मुखांतून निघणारा घोष चित्रकारानें कांहीं रेघांनीं दाखविला आहे. पाठीमागें कोल्हा, ससे इत्यादि मंडळी भाविकपणें बसली असून एक वानर डोळे पुशीत आहे. पठण आटोपतें, आणि या वानर-भिक्षूपुढें दक्षिणा येऊं लागते.

हें चित्र जपानांतील क्योटो येथील कोझान-जी या मठाच्या मालकीच्या चित्र-गुंडाळ्यांतील आहे. ‘चोजू-जिम्बुत्सु-गिगा’, म्हणजे पशुपक्षी व माणसें यांचीं विनोदी चित्रें, हें त्यांचें नांव. गुंडाळ्या एकूण चार. परंपरा त्यांचें कर्तृत्व ‘तोबा सोजो’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या काकुयू (१०५३–११४०) या धर्माचार्याकडे देते. तज्ज्ञ मात्र त्या १२ व्या व १३ व्या शतकांत निरनिराळ्या हातांनीं रेखाटल्या गेल्या असें मानतात. पहिली गुंडाळी सुमारें ११ मीटर लांब आहे. तींत रंग नाहीं. केवळ कुंचला आणि काळी शाई. उजवीकडून डावीकडे ती उलगडत गेली कीं ससे व वानरें पाण्यांत डुंबतात, बेडूक व ससे नेमबाजीची चढाओढ लावतात, आणि कुस्तींत बेडूक सशाचा कान चावतो.

तो काळ धर्मपीठांच्या ऐश्वर्याचा होता. मोठ्या मठांपाशीं जमिनी होत्या, पदरीं सशस्त्र भिक्षू होते. देवाची पालखी खांद्यावर घेऊन हे भिक्षू राजधानींत शिरत व दरबारापुढें आपल्या मागण्या मांडीत. अशा काळांतील वानराच्या अंगावरचें भिक्षुवस्त्र पाहणारास पुष्कळ कांहीं सुचवितें. तथापि चित्रांसोबत कथेचा एकही शब्द लिहिलेला नाहीं. त्यामुळें हा उपहास कीं निव्वळ गंमत, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पंचतंत्रांतील पशू बोलतात व नीति शिकवितात. येथील पशू मुके आहेत. तात्पर्य काढावयाचें तें पाहणारानें.

चित्रकाराच्या रेषेंत कोठेंही द्वेष दिसत नाहीं. बेडूक हास्यास्पद आहे, पण दुष्ट नाहीं. वानराचा लोभ माणसाच्या ओळखीचा आहे. विशेष हें कीं, ज्या भिक्षुवर्गाचें सोंग येथें निघालें, त्याच वर्गाच्या एका मठानें तें शतकानुशतकें जपून ठेविलें. आपल्यावरचें हंसें जो जपून ठेवतो, त्याच्या श्रद्धेला त्या हंसण्याचें भय वाटत नसावें.